परळहून खारघर, आणि पुढे किहीम

रक्ताचा कॅन्सर आपल्या पिढीला डॉक्टरांनी नाही, सिनेमाने शिकवला. १९७८ चा ‘अखियों के झरोखों से’ आठवतोय ना? आपला सचिन, ती गोड रंजीता, तिला झालेला ल्युकेमिया आणि थिएटरभर नुसतं मुसमुसणं. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की हा आजार झाला म्हणजे संपलं. खरं तर लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, चांगल्या ठिकाणी वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले, तर बहुतेक मुलं आज बरी होतात. पण सिनेमाची भीती काही जात नाही.

मध्यंतरी किहीमला एका बचत गटाच्या हळदीकुंकवाला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. विषय आरोग्याचा होता, म्हणून मी डॉ. कमल रणदिवे यांच्याबद्दल बोलले. बायकांनी ऐकलंही मन लावून. शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “ताई, हे सगळं मुंबईत. आणि आजारी पडलेली मुलगी असेल तर एवढं कोण करतं?” प्रश्न दोन होते. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही. पण आधी कमलताईंविषयी.

८ नोव्हेंबर १९१७ चा त्यांचा जन्म, पुण्यातला. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं त्यांच्या मनात होतं. हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत! फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न करून मुंबईला आल्या. लग्न झालं म्हणून शिक्षण थांबलं नाही. १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्या एम.एस्सी. झाल्या, तेही सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर अभ्यास करून. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास मला फार लोभस वाटतो. पेशी ती पेशी, झाडाची काय नि माणसाची काय.

परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मग त्या अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या कामात गाय यांचं नाव जगभर होतं. ते तंत्र शिकून कमलताई परत आल्या आणि त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

शब्द अवघड आहे, काम मात्र आपल्या ओळखीचं. विरजण लावताना दूध कोमट हवं, भांडं स्वच्छ हवं आणि पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघायचं नाही. तसंच पेशींचं. त्यांना शरीराइतकीच ऊब लागते, नेमकं खाद्य लागतं आणि हवेतला एक जंतू शिरला तर सगळी मेहनत पाण्यात. अशा पेशींवर आणि पिंजऱ्यातल्या उंदरांवर कमलताईंनी वर्षानुवर्षं काम केलं. रक्ताचा, स्तनाचा, अन्ननलिकेचा असे वेगवेगळे कर्करोग त्यांनी अभ्यासले. शरीरातली संप्रेरकं आणि कर्करोगाला कारण ठरणारे विषाणू यांचा संबंध शोधला. साठच्या दशकात त्यांनी संस्थेत रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारा वेगळा विभाग सुरू केला, तेव्हा ‘शरीराच्या स्वतःच्या शिपायांना कर्करोगाशी लढवायचं’ ही कल्पना जगातही बाल्यावस्थेत होती. कुष्ठरोगावरच्या लशीच्या कामातही त्यांचा मोठा वाटा. १९६६ ते ७० त्या संस्थेच्या संचालक होत्या, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

अशा कामाला चिकाटी किती लागते हे किहीमकरांना सांगायला नको. १९३० च्या सुमारास सालिम अली तिथेच राहून सुगरणीची घरटी न्याहाळत बसले होते. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तरच पुढचं काम होतं, हे त्यांनी तिथे टिपलं. (पसंती बाईची, हे मला विशेष आवडतं.)

आता त्या ताईंचा पहिला प्रश्न. कमलताईंची परळची संस्था पुढे टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये सामावली आणि २००२ मध्ये खारघरला आली. खारघर म्हणजे पनवेल तालुका, म्हणजे आपलाच रायगड जिल्हा! मांडव्याहून लाँचने गेटवे आणि पुढे परळ, हा रस्ता आपल्याला तोंडपाठ. पण पोयनाड, पेण, पनवेल करत खारघरला जाता येतं हे किती जणींना ठाऊक आहे? आणि याच खारघरात जून २०२१ मध्ये भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात असा बदल करायचा की त्या कर्करोगाच्या पेशी ओळखू लागतील, मग त्या वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. इथे विरजण आठवलं ना? आयआयटी मुंबई आणि टाटाच्या डॉक्टरांनी मिळून हा उपचार इथेच घडवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. परदेशात यालाच तीन-चार कोटी लागतात. इथे साधारण त्याच्या दहाव्या हिश्शात होतो, तरी तीस-चाळीस लाख म्हणजे आपल्या घरांना स्वप्नच. शिवाय तो सगळ्यांसाठी नाही. रक्ताच्या काही ठरावीक कर्करोगांत, नेहमीच्या औषधांना दाद मिळाली नाही किंवा आजार उलटला, तरच त्याचा विचार होतो. म्हणून कुणी ‘नवीन इंजेक्शन आलंय’ म्हणून शेत विकायला निघालं तर आधी त्याला थांबवा.

दुसरा प्रश्न मात्र काळजात रुतलाय. १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते नऊ वर्षांच्या मुलीवर. ल्युकेमिया झालेली ती मुलगी भावाच्या मज्जेवर जगली. चाळीस वर्षांपूर्वी एका घराने मुलीसाठी एवढं केलं होतं. आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास काय सांगतो? आपल्या देशात कर्करोगाच्या उपचारासाठी मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त आणले जातात. हा आजार मुलग्यांत थोडा जास्त होतो हे खरं, पण एवढी तफावत निसर्गाची नाही. दिल्लीच्या रुग्णालयांत तर असं दिसलं की उपचार महाग आणि घर लांब असेल, तर ती दरी आणखी रुंदावते. नाव ‘दूर पडतं’ याला द्यायचं. उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, आईला मुलाजवळ राहावं लागतं, घरी मागे बाकीची मुलं. मुलग्यासाठी हे सगळं जमवलं जातं. मुलीच्या वेळी मात्र “देवाच्या मनात असेल तसं” म्हटलं जातं.

आपल्या हातातलं आधी बघू. मुलगी पांढरीफटक दिसतेय, पुन्हा पुन्हा ताप येतोय, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठताहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, हाडं दुखतात म्हणून रात्री रडतेय, तर लोहाच्या बाटल्या आणि दृष्ट काढणं यांत महिना घालवू नका. यातलं बहुतेक वेळा साधंच काही निघतं. पण सीबीसी नावाची रक्ततपासणी करून घ्या, सरकारी रुग्णालयातही होते. पैशाचं नाव काढून कुणी अडवलं, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात हे सांगा. टाटातले समाजसेवा विभागाचे लोक कागदपत्रांना मदत करतात. बाहेरगावच्या मुलांच्या राहण्यासाठी सेंट ज्यूडसारख्या संस्थांची घरं परळला आणि खारघरलाही आहेत.

कमलताईंनी १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीच्या तिच्या वास्तूत नोकरदार मुलींचं वसतिगृह आहे, पाळणाघरही आहे. शास्त्रज्ञ बाईला पाळणाघर सुचलं यात मला नवल वाटत नाही, बाई घराबाहेर पडायची कशी हे तिला माहीत होतं. आजारी मुलीच्या आईचंही तेच. पहिल्या फेरीला ती अडते गाडीभाड्यावर आणि ‘मागे भाकऱ्या कोण थापणार’ यावर. किहीमच्या त्या गटाला मी एवढंच सुचवलंय की गटाच्या फंडातून दोन-तीन हजार अशा फेरीसाठी वेगळे ठेवा आणि भाकऱ्यांच्या पाळ्या लावून घ्या. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय घेणार आहेत म्हणे.