शून्याचा अंदाज

कंटेनर वाहतुकीचे अंदाज बांधणारी मॉडेल्स बहुधा मागच्या आकड्यांवर शिकतात. जो डबा हलला, तो मोजला. जो माल डब्यापर्यंत पोचलाच नाही, त्याला मागणीच नव्हती असं धरलं जातं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आम्हा लोकांना हे तटस्थ गणित वाटतं. माझा आक्षेप इथेच आहे.

नरखेडचा संत्रा घ्या. तो बांगलादेशात जातो ट्रकने, जमिनीच्या सीमेवरून. बंदराच्या नोंदीत दिसत नाही. 2019 नंतर बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेलं आणि निर्यात घसरली. 1962 साली टिनबर्गेननं मांडलेल्या सूत्रात व्यापार ठरतो अर्थव्यवस्थांच्या आकारावर आणि अंतरावर. नरखेड ते ढाका अंतर तेवढंच राहिलं, संत्रा मात्र बागेत अडला.

आता हाच माल न्हावाशेवाहून रीफर कंटेनरनं आखातात किती जाईल, असं मॉडेलला विचारा. मागचा आकडा नगण्य, म्हणून उत्तरही नगण्य. त्या उत्तरावर शीतसाखळीचा पैसा ठरला, तर तो नरखेडला येणार नाही. आणि पुढच्या वर्षी अंदाज अचूक निघाला म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटू.

बागेतलं उत्पादन, शुल्क, फळाचं टिकणं हेही मॉडेलमध्ये घाला. ते जमत नसेल, तर कोणता माल मोजलाच नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.