रान मोकळे करावे, माती नव्हे

सुगी आटोपली आणि शेतातील ओल उतरू लागली, म्हणजे पडीक जमिनी लागवडीस आणण्याच्या गोष्टी गावोगाव सुरू होतात. वडिलांच्या वेळेपासून पड राहिलेला ओढ्याकाठचा तुकडा असो, अथवा वाटणीत आलेले झुडपांनी व्यापलेले माळरान असो, ते एकदाचे मोकळे करावे असे धन्याच्या मनात येते आणि तो बुलडोझरवाल्याकडे जातो. तेथे त्याचा पहिला प्रश्न दराचा असतो व दुसरा दिवसाचा. तासाला काय घेता, आणि कधी येता? परंतु यंत्राच्या तोंडाशी काय बसविलेले आहे, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्याच्या उत्तरावर पुढील दहा वर्षांचे पीक अवलंबून असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रस्तुत लेखकास हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. भीमेच्या खोऱ्यात आमचे तीन एकरांचे एक रान वेड्या बाभळीने भरून गेले होते. आम्ही बुलडोझर आणविला. त्याच्या पुढे नेहमीचे सपाट पोलादी पाते होते. दोन दिवसांत रान खळ्यासारखे गुळगुळीत झाले आणि खालच्या बांधाला बाभळींचा डोंगर उभा राहिला. येणारे-जाणारे वाहवा करीत होते. आम्हीही खूष होतो. पुढे शाळू पेरला, तेव्हा वरच्या अंगाचे पीक गुडघ्यापर्यंत येऊन पिवळे पडले. उकरून पाहतो तो चार बोटांखाली चुनखडी लागली. उलट बांधाकडील ढिगावर त्याच पावसात पुरुषभर उंचीचे तण माजले होते! आमच्या रानाची सारी पुष्टी त्या ढिगात जाऊन बसली होती. त्यातून बाभळीचा नायनाटही झाला नव्हता. पात्याखाली मोडलेल्या प्रत्येक बुडख्यातून पाच-सात फुटवे निघाले.

पुढील वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी तसलेच रान मोकळे करून घेतले; मात्र त्यांनी पात्याऐवजी दाताळे लावलेले यंत्र शोधून आणले. काम संपले तेव्हा त्यांचे रान आमच्या रानाइतके देखणे दिसत नव्हते. जागोजाग ढेकळे होती, खड्डे होते. पण ढिगात मात्र मुळ्या आणि बुडखेच होते. वाळल्यावर ते सरपणासाठी विकले गेले, आणि पीक या बांधापासून त्या बांधापर्यंत एकसारखे आले. दोन्ही रानांत अंतर केवळ एका बांधाचे. माती एक, पाऊस एक. फरक काय तो यंत्राच्या तोंडाचा.

या गोष्टीचा हिशेब मांडून पाहावा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरील एक इंच जाडीचा थर काढला तर ३,६३० घनफूट माती निघते, म्हणजे छत्तीस ब्रासांहून अधिक. तीन एकरांतून दोनच इंच गेले असे धरले तरी दोनशे सतरा ब्रास होतात. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना काढली, तेव्हा तलावांतील गाळ आपल्या शेतात टाकण्यासाठी शेतकऱ्यांनी पदरचे पैसे खर्चून ट्रॉल्या लावल्या. ते योग्यच केले. परंतु जो शेतकरी परक्या तळ्याच्या गाळासाठी ब्रासामागे पैसे मोजतो, तोच आपल्या शेतातील वरची माती बांधाला लोटण्यासाठी तासामागे पैसे देतो, ही विसंगती आम्हांस मोठी दुःखदायक वाटते. वरच्या चार-सहा इंचांतच पाल्यापाचोळ्याचे कुजलेले सत्त्व असते. ते एकदा गेले म्हणजे शेणखताच्या गाड्या वर्षानुवर्षे ओतूनच भरून काढावे लागते.

पात्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. माती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हेच पात्याचे काम आहे. बांध घालावयाचा असो, शेततळ्याचा भराव करावयाचा असो, पाते हवेच. पण झुडपे काढताना माती जागची हलू नये हा आपला हेतू असतो, आणि त्यासाठी ते हत्यार उपयोगी नाही. खुरप्याचे काम फावड्याने केल्यास दोष फावड्याचा नव्हे.

दाताळे म्हणजे, ज्यास यंत्रवाले रूट रेक म्हणतात ते, एका भक्कम आडव्या तुळईस खाली वळणदार दात बसविलेले अवजार. दात जमिनीत शिरून मुळ्यांखाली जातात, यंत्र पुढे सरकते तशा मुळ्या वर येतात आणि दातांच्या वळणामुळे कलंडत पुढे जातात. या कलंडण्यातच त्यांची माती झडते व दातांमधील फटींतून खाली पडते. मात्र दाताळे आहे एवढे ऐकून निर्धास्त होऊ नये. त्यातही निवड करावी लागते.

पहिली पाहण्याची गोष्ट दातांमधील अंतर. पुढे ढकलली जाणारी मुळी बहुधा दातांना आडवी येते. म्हणून फटीपेक्षा आखूड तुकडे निसटतात व लांब मुळ्या अडकतात. घाणेरी, करवंद अशा झुडपांसाठी दात जवळ हवेत, आठ-दहा इंचांवर असले तरी चालतील. मोठे बुडखे असतील तेथे फूट-दीड फुटाचे अंतर बरे. कारण दात जितके दाट तितकी माती अधिक अडकते. आपल्या रानातील चार-दोन झुडपे आधी कुदळीने उकरून मुळ्या केवढ्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे आणि मग दाताळे ठरवावे.

दुसरी गोष्ट दातांची लांबी. दात पूर्ण शिरल्यावरही तुळई जमिनीच्या वर राहिली पाहिजे. तुळई जमिनीस टेकली की दाताळ्याचे पाते झाले असे समजावे. तिसरी गोष्ट, दात एकेक सुटा काढता येतो की नाही. दडलेल्या बुडख्याचा सारा भार कित्येकदा एकाच दातावर येतो. अशा वेळी दात वाकला तर तो बदलता येतो, पण तुळई वाकली तर अवजारच निकामी होते. दातांची टोके झिजणारी असल्याने तीही वेगळी बदलता येणारी व कठीण पोलादाची असावीत. चौथी गोष्ट रुंदी व वजन. दाताळे यंत्राच्या दोन्ही साखळीपट्ट्यांच्या बाहेरपर्यंत पोहोचले पाहिजे; नाही तर न उपटलेले खुंट पट्ट्यांखाली येतात. पण यंत्राच्या मानाने ते फार जड असेल तर पुढचा भाग दबतो आणि पट्ट्यांची पुढील चाके लवकर झिजतात. वरच्या अंगास जाळी असावी, म्हणजे फांद्या उलटून यंत्रावर व चालकावर येत नाहीत. जुन्या पात्यावरच अडकविण्याची दाताळी स्वस्त पडतात, आणि हलक्या झुडपांस ती पुरतात. परंतु बाभळीचे जुने रान असेल तर पाते काढून त्याच्या जागी पक्के बसविलेले दाताळेच घ्यावे.

अवजाराइतकेच महत्त्व वेळेस आहे. काळी जमीन ओली असताना चिकटते. मग दातांच्या फटी लिंपून जातात आणि उत्तम दाताळेही माती लोटू लागते. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते व मुळ्या तुटून आत राहतात. वाफसा सरून जमीन हाताने चुरता येऊ लागली, म्हणजे साधारणतः मार्गशीर्ष-पौषाचा सुमार, हा काळ आम्हांस योग्य वाटतो. कोकणातील वरकस जमिनीत मातीचा थर मुळातच पातळ व खाली जांभा. तेथे दात खडकावर आपटून मोडतील इतके खोल घालू नयेत, आणि तीव्र उतारावर तर यंत्र नेऊच नये. तेथे कुदळ आणि माणूस हेच अधिक शहाणे. सर्वत्र ढीग मात्र उताराला आडवे, समपातळीवर लावावेत, म्हणजे पहिल्या पावसात सुटी झालेली माती त्यांना अडते. ढीग लागल्यावर काही दिवस वाळू द्यावेत व नंतर पुन्हा एकदा दाताळ्याने कलंडवावेत. राहिलेली मातीही झडून पडते. पेटवून देण्याची घाई करू नये. बाभळीचे सरपण व कोळसा दोन्ही उत्तम होतात.

दाताळे हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वेड्या बाभळीचे फुटवे जमिनीखालच्या बुडख्यातून येतात. तो बुडखा समूळ निघाला तरच काम झाले. शिवाय शेळ्या-गुरे शेंगा खातात व लेंडी-शेणातून बी पसरते. म्हणून पुढील दोन-तीन वर्षे रोपटी हाताने उपटीत राहिले पाहिजे. कुंदा व हरळी यांच्या बारीक कांड्या तर दातांतून सहज निसटतात. मध्य भारतातील कांसाने व्यापलेल्या जमिनी सुधारण्यासाठी १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना निघाली आणि त्या कामाच्या यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेने एक कोट डॉलरांचे कर्ज दिले. पण तेथे उपाय योजला तो उन्हाळ्यातील खोल नांगरटीचा. शत्रू पाहून शस्त्र निवडावे, हाच त्यातील धडा. तसेच दहा-पाच मोठे वृक्षच काढावयाचे असतील तर पोकलेनने भोवती खणून काढावेत; दाताळ्याने वृक्ष पाडण्याचा खटाटोप करू नये. आणि पाडण्यापूर्वी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा ध्यानात घ्यावा. साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांधावरचा एखादा जुना वृक्ष राखला तर नुकसान होते असेही नाही.

यावर यंत्रवाल्यांचे म्हणणे आम्ही ऐकलेले आहे. दाताळ्याने काम सावकाश होते, दोन वेळा फिरावे लागते, तास वाढतात. शिवाय दाताळे महाग, आणि वर्षाकाठी थोडेच दिवस लागणार, तर ते कोण घेऊन ठेवणार? यातील पहिले म्हणणे खरे आहे. पण वाढलेल्या तासांचा खर्च एकदाच होतो, गेलेल्या मातीचा खर्च दरसाल होतो. घाई ही बहुधा यंत्रवाल्याची नसतेच. बांधावर उभा राहून घड्याळाकडे पाहणाऱ्या धन्याचीच असते. ती आपण सोडली पाहिजे.

दुसऱ्या म्हणण्यास मात्र आमच्यासारख्या संघानेच उत्तर द्यावयास हवे. एकट्याने दाताळे घेणे कोणासही परवडणार नाही; पण दहा-वीस सभासदांनी मिळून ते घेतले तर हंगामात ते रिकामे राहणार नाही. घेण्यापूर्वी परिसरातील एखाद्या बुलडोझरवाल्याशी बोली करून त्याच्याच यंत्राच्या मापाचे दाताळे करवावे, कारण जोडाची मापे यंत्रागणिक भिन्न असतात. आणि काम देताना एक अट घालावी: प्रथम दहा गुंठे मोकळे करून दाखवावे. मग धन्याने फावडे घेऊन ढिगाजवळ जावे. फावडे मुळ्यांत अडकले तर काम पुढे चालू द्यावे. ते मातीत सहज रुतले तर यंत्र तेथेच थांबवावे. या परीक्षेस पैसा लागत नाही. आम्ही ती त्या वेळी केली असती, तर बांधावरचा तो ढीग आजपर्यंत टोपल्यांनी परत वाहून आणावा लागला नसता.