हीट पंप: यंत्र एकच, मग एकाचं बिल घटतं आणि दुसऱ्याचं वाढतं ते का?

ब्रिटनमध्ये घर गरम ठेवण्याचा खर्च हा सध्या राजकारणाचा मोठा विषय आहे. २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी एक घोषणा केली. घरगुती वीजबिलातून वसूल होणाऱ्या एका जुन्या हरित अनुदानाचा ७५ टक्के भार एप्रिल २०२६ पासून तीन वर्षं सरकारी तिजोरी उचलणार. वाचायला हा कोरडा हिशोबी निर्णय वाटतो. पण एसीच्या आउटडोअर युनिटसारखं दिसणारं जे यंत्र तिथल्या घरांबाहेर बसवलं जातंय, त्याच्या भवितव्याशी याचा थेट संबंध आहे. ते यंत्र म्हणजे एअर सोर्स हीट पंप.

तिथली बहुतांश घरं आजही गॅस बॉयलरवर गरम होतात. २०२८ पर्यंत दरवर्षी ६ लाख हीट पंप बसवायचे, असं उद्दिष्ट सरकारने २०२० मध्ये ठेवलं होतं. २०२४ मध्ये विक्री झाली साधारण ९८ हजारांची. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं. तरीही लोक कचरतात, कारण प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं: "आमच्या शेजाऱ्याने बसवला आणि बिल वाढलं!" दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो की त्याचं बिल कमी झालं.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. हे कसं शक्य आहे ते आज आकड्यांसकट बघूया. तुमचा भाऊ, बहीण किंवा मित्र नोकरीसाठी रीडिंग किंवा मँचेस्टरला असेल तर हे त्याच्या खिशाशी संबंधित आहे. शेवटी आपल्या गिझरचाही विषय येणार आहे.

आधी यंत्र समजून घेऊ

फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतं. आतल्या भाजीची उष्णता काढून फ्रिज ती बाहेर टाकत असतो. एसीही तेच करतो. हीट पंप हा उलटा लावलेला एसी समजा: बाहेरच्या हवेतली उष्णता घ्यायची आणि घरात आणून सोडायची.

आता साहजिक प्रश्न. बाहेर २ अंश तापमान असताना हवेत उष्णता कुठून आली? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीत प्रोपेन असतो, आणि तोच प्रोपेन आज अनेक नव्या हीट पंपांत वापरला जातो. साध्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. म्हणजे आपल्याला गारठवणारी २ अंशांची हवा त्याच्यासाठी चांगलीच गरम असते. बाहेरच्या युनिटमध्ये तो त्या हवेची उष्णता घेऊन उकळतो, त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, त्यामुळे ती खूप तापते. ही उष्णता घरातल्या रेडिएटरच्या पाण्याला मिळते, वाफेचं पुन्हा द्रव होतं, दाब कमी होतो आणि चक्र पुन्हा सुरू.

इथे वीज उष्णता तयार करायला फारशी वापरली जात नाही, ती उचलून आणायला वापरली जाते. साधा गिझर १ युनिट विजेतून १ युनिट उष्णता देतो. हीट पंप १ युनिट विजेत ३ किंवा ४ युनिट उष्णता घरात आणतो. या पटीला सीओपी म्हणतात. सीओपी दर तासाला बदलतो, म्हणून वर्षभराची सरासरी महत्त्वाची. तिला एसपीएफ म्हणतात. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच.

"थंडीत हीट पंप चालत नाही" हेही तुम्ही ऐकलं असेल. युरोपात घरांच्या प्रमाणात सर्वाधिक हीट पंप नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये आहेत. यावरून काय ते समजा.

आता बिलाचा हिशोब

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी ब्रिटनच्या ऑफजेम या नियामक संस्थेने ठरवलेला कमाल दर सरासरी असा होता: वीज २६.३५ पेन्स प्रति युनिट, गॅस ६.२९ पेन्स प्रति युनिट. म्हणजे वीज गॅसच्या चौपटीहून महाग!

ऑफजेमच्या हिशोबात मध्यम वापराचं घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस वापरतं. सोयीसाठी हा सगळा गॅस बॉयलरला जातो आणि बॉयलर ९० टक्के कार्यक्षम आहे असं धरू. म्हणजे घराला मिळाली १०,३५० युनिट उष्णता. तीच उष्णता वेगवेगळ्या मार्गांनी केवढ्याला पडते बघा:

- गॅस बॉयलर: सुमारे ७२३ पौंड
- हीट पंप, एसपीएफ २.८: सुमारे ९७४ पौंड
- हीट पंप, एसपीएफ ३.८: सुमारे ७१८ पौंड

हे आकडे नीट बघा. २.८ वाल्याचं बिल गॅसपेक्षा अडीचशे पौंडांनी वाढलं. ३.८ वाल्याचं गॅसच्या बरोबरीला आलं. त्याने गॅसचं कनेक्शनच बंद केलं, तर दिवसाला ३४ पेन्सचा स्थिर आकारही वाचतो, म्हणजे वर्षाला अजून सव्वाशे पौंडांच्या आसपास. त्यासाठी शेगडीच्या जागी इंडक्शन घ्यावी लागेल, एवढंच.

आणि हे आकडे हवेतले नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून 'इलेक्ट्रिफिकेशन ऑफ हीट' नावाचा प्रयोग झाला, ७४२ घरांत हीट पंप बसवून मोजमाप केलं गेलं. तिथे एअर सोर्स पंपांचा मधला आकडा २.८ च्या आसपास आला. दुसरीकडे 'हीटपंपमॉनिटर' या खुल्या संकेतस्थळावर हौशी घरमालक आणि इन्स्टॉलर आपल्या पंपाचे लाइव्ह आकडे टाकतात. तिथे ४ च्या आसपासची घरं भरपूर दिसतात. अर्थात तिथे मन लावून काम केलेलीच घरं जास्त असणार. पण मुद्दा तोच आहे: मन लावून काम केलं की यंत्र एवढं देऊ शकतं.

बजेटच्या निर्णयाचं महत्त्वही इथेच कळतं. वरच्या दरांना गॅसशी बरोबरी करायला साधारण ३.८ चा एसपीएफ लागतो. समजा गॅस तेवढाच राहिला आणि वीज २४ पेन्सवर आली, तर ३.४ पुरतो. विजेवरचा बोजा कमी करणं म्हणजे पास होण्याचे मार्क कमी करण्यासारखं आहे. पण २.८ वाला तरीही नापासच होतो. त्याला सरकार वाचवू शकत नाही, सेटअप वाचवू शकतो.

२.८ आणि ३.८ मधला फरक येतो कुठून?

सोसायटीतला पाण्याचा पंप आठवा. पाणी दुसऱ्या मजल्यावर चढवायला कमी वीज लागते, दहाव्या मजल्यावर चढवायला जास्त. उष्णतेचंही तसंच. बाहेरची २ अंशांची उष्णता ३५ अंशांपर्यंत चढवायला कमी मेहनत, ५५ पर्यंत चढवायला खूप जास्त.

रेडिएटरमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या तापमानाला फ्लो टेम्परेचर म्हणतात. ते एक अंशाने कमी केलं की ढोबळमानाने दोन-अडीच टक्के वीज वाचते. पंप कोणत्या कंपनीचा यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण बिलावर जास्त परिणाम या एका आकड्याचा होतो.

मग सगळेच ३५ वर का ठेवत नाहीत? कारण जुने रेडिएटर गॅस बॉयलरच्या ७० अंशांच्या पाण्यासाठी बसवलेले असतात. पाणी ४५ चं केलं की तोच रेडिएटर निम्म्याहून कमी उष्णता देतो. खोली गार राहते, माणूस वैतागतो, इन्स्टॉलरला बोलावतो, तो फ्लो टेम्परेचर ५५ करून निघून जातो. खोली गरम होते आणि बिल चढतं. शेजाऱ्याच्या त्या किश्श्यामागे बऱ्याचदा ही गोष्ट असते.

बसवताना काय बघायचं?

१. प्रत्येक खोलीचं हीट लॉस मोजून घ्या. बाहेर शून्याच्या दोन-तीन अंश खाली असताना कोणती खोली किती उष्णता गमावते, हा हिशोब लेखी मागा. फक्त घराचं क्षेत्रफळ विचारून "१२ किलोवॅटचा टाकू" म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्या. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होत राहतो आणि वीज खातो.

२. कोटेशनमध्ये डिझाइन फ्लो टेम्परेचर किती आहे ते वाचा. ४५ किंवा त्याखाली असेल तर उत्तम. ५५ असेल तर विचारा, "कोणते रेडिएटर बदलले तर हे ४५ वर येईल आणि खर्च किती वाढेल?" अनेकदा तीन-चार रेडिएटर बदलून काम होतं.

३. अनुदानासाठी इन्स्टॉलर एमसीएस प्रमाणित असावा लागतो. अर्ज तोच करतो आणि ७,५०० पौंड बिलातून वजा होतात. "आधी पूर्ण पैसे द्या, अनुदान नंतर तुम्हीच मिळवा" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा.

४. बाहेरच्या युनिटची जागा स्वतः उभं राहून बघा. हवा खेळती हवी. थंडीत युनिटवर बर्फ साचतो आणि पंप तो अधूनमधून वितळवतो. तेव्हा वाफ निघते, ती बिघाडाची खूण नाही. पण ते पाणी पायवाटेवर गेलं तर तिथे पुन्हा गोठून कुणीतरी घसरेल. निचऱ्याची सोय आधीच करून घ्या. प्रोपेनवाला पंप असेल तर दार-खिडक्यांपासून कंपनीने सांगितलेलं अंतर पाळावंच लागतं.

बसवल्यानंतर: फोन हातात घ्या

बहुतेक नव्या पंपांना मोबाईल अ‍ॅप असतं. लोक त्यात फक्त खोलीचं तापमान बदलतात. खरी कमाई पुढच्या सेटिंग्जमध्ये आहे.

- व्हेदर कॉम्पेन्सेशन चालू आहे का बघा. यात बाहेर जितकी थंडी, तितकंच पाणी तापवलं जातं. उदाहरणार्थ बाहेर उणे २ असताना ४५ अंश, आणि बाहेर १५ असताना ३० च्या आत. ही रेषा दर दोन-तीन दिवसांनी एक-एक अंश खाली आणा. घर गार वाटायला लागलं की एक पायरी वर जाऊन थांबा.
- सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास ही बॉयलरची सवय सोडा. हीट पंप हळूहळू आणि सतत चालवायचा असतो. रात्री तापमान एक-दोन अंश कमी केलं तर चालेल, पण पूर्ण बंद करून पहाटे एकदम तापवायला लावू नका.
- प्रत्येक रेडिएटरचा व्हॉल्व्ह आवळून ठेवू नका. पाणी फिरायला वाट मिळाली नाही की पंप धापा टाकतो.
- आंघोळीच्या पाण्याची टाकी ४८ ते ५० अंशांवर पुरते. लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून बहुतेक पंप आठवड्यातून एकदा ती ६० पर्यंत नेतात. ते सेटिंग बंद करू नका. त्यातला साधा हीटर मात्र रोज गुपचूप चालू होत नाही ना, ते तपासा.
- महिन्याच्या शेवटी अ‍ॅपमध्ये दोन आकडे बघा: किती उष्णता दिली आणि किती वीज घेतली. पहिल्याला दुसऱ्याने भागा. जानेवारीत हा भागाकार ३ च्या खाली असेल, तर आकड्याचा स्क्रीनशॉट घेऊन इन्स्टॉलरशी बोला. "बिल जास्त आलं" या तक्रारीपेक्षा "फ्लो ५२ आहे, सीओपी २.६ आहे" हे वाक्य लवकर काम करतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं काय?

परदेशात गेलेले आपले बहुतेक तरुण आधी भाड्यानेच राहतात. अनुदानाचा अर्ज घरमालकाच्या मालमत्तेसाठी असतो, त्यामुळे भाडेकरू स्वतः तो करू शकत नाही. आणि इथेच एक अन्याय दडलेला आहे. यंत्र कसं बसवायचं ते मालक ठरवतो, त्याला अनुदान मिळतं, पण दर महिन्याचं वीजबिल भाडेकरू भरतो. चांगला सेटअप करण्यात मालकाचा थेट फायदा फारसा नाही. सरकारने पंपांची संख्या मोजण्याबरोबर प्रत्यक्ष एसपीएफही मोजून जाहीर करायला लावला, तर ही गोष्ट बदलू शकेल. तोपर्यंत हीट पंपवालं घर भाड्याने घेताना गेल्या हिवाळ्याचं वीजबिल दाखवायला सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे याचा उपयोग आहे का?

पुणे-मुंबईत घर गरम करायची गरज नाही, पण आंघोळीचं पाणी आपण रोज तापवतो. रोज २०० लिटर पाणी २२ वरून ४५ अंशांवर न्यायचं असेल तर साधारण ५.३ युनिट उष्णता लागते. साधा गिझर तेवढीच वीज घेणार. ३ सीओपीचा हीट पंप गिझर पावणेदोन-दोन युनिटमध्ये तेच करेल. आणि आपल्याकडची हवा मुळातच गरम, म्हणजे पंपाला कमी मजले चढायचे आहेत.

रोजच्या साडेतीन युनिटला तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर लावा, वर्षाचा आकडा काढा आणि यंत्राच्या किमतीला त्याने भागा. दोघांच्या घरात पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर बहुधा गरजच नाही. हॉस्टेल, हॉटेल किंवा मोठ्या एकत्र कुटुंबात मात्र हिशोब लवकर जुळतो.

ब्रिटनमधलं घर असो की कोथरूडमधला फ्लॅट, विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच आहे: "पाणी किती अंशांपर्यंत तापवणार आणि वर्षभराची सरासरी किती पट मिळणार?" याचं उत्तर कागदावर लिहून मिळाल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.