तुळशीवरचा हिरवा गवई

मराठीच्या प्राध्यापकाकडे किडे घेऊन कोणी का यावे? पण आमच्या अंबाजोगाईत दिवाळीच्या सुमारास हटकून कोणी ना कोणी विचारतेच : "सर, तुळशीवर हा फिकट हिरवा, काडीसारखा किडा बसलाय. नाकतोडा आहे का? औषध फवारू?" शब्दांचे अर्थ सांगणाऱ्याला किड्यांची नावेही ठाऊक असलीच पाहिजेत, असा लोकांचा समज!

तर गृहिणींनो, फवारा उचलण्यापूर्वी पाहुण्याच्या मिशा पाहा. नाकतोड्याच्या मिशा आखूड आणि जाड असतात. याच्या मिशा केसासारख्या बारीक व अंगापेक्षा लांब. अंग सडपातळ, जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचे. नराचे पंख काचेसारखे पारदर्शक आणि पाठीवर सपाट पसरलेले. मादीचे पंख अंगाला लपेटलेले, आणि तिच्या शेपटाकडे अंडी घालण्याची सुईसारखी नळी. ही लक्षणे जुळली, की समजावे, हा नाकतोडा नव्हे. झाडावर राहणारा रातकिडा. शास्त्रज्ञ याच्या कुळाला 'एकांथस' म्हणतात. आपण मात्र मोरीतल्या तपकिरी रातकिड्याला आणि या नाजूक हिरव्या गवयाला एकाच नावाने हाक मारतो.

गवई म्हटले ते उगीच नव्हे. बालाघाटच्या डोंगरामागे सूर्य गेला, की नर पुढचे दोन पंख पाठीवर सरळ उभे करतो आणि एकमेकांवर घासतो. गाणे फक्त नराचे. मादी ऐकते, तेही पुढच्या पायांवरच्या कानांनी! गारठा वाढला की याची लय मंदावते. अमेरिकेत एमॉस डॉल्बिअर यांनी 1897 मध्ये रातकिड्याच्या आवाजांच्या गणतीवरून हवेचे तापमान काढण्याचे सूत्रच प्रसिद्ध केले. अर्थात प्रत्येक जातीची लय निराळी, तेव्हा ते सूत्र आपल्या अंगणात जसेच्या तसे लागू पडेल असे नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. एवढ्याशा पंखांतून निघालेला आवाज दूर जात नाही, कारण पंखांच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर कडेला मिसळून एकमेकींना मारतात. यावर या कुळातील काही जातींच्या नरांनी तोड काढली आहे. ते मोठेसे पान निवडतात, मधोमध पंखांच्या मापाचे भोक कुरतडतात, त्यातून डोके बाहेर काढून पंख पानाला समतल ठेवतात आणि मग गातात. लाकडी पेटीत बसवलेला लाउडस्पीकर जसा घुमतो, तसे हे पान काम करते. दक्षिण आफ्रिकेतील अशा एका जातीची हकीकत 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एकांथस हेन्री' या जातीचा अभ्यास केला. नताशा म्हात्रे यांच्यासह 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की हा नर पानाचा आकार, भोकाचे माप आणि जागा अचूक साधतो. 2020 च्या अभ्यासात आणखी कळले : ही युक्ती जास्त करून लहान चणीचे, दबक्या आवाजाचे नर वापरतात, आणि माद्या त्या उसन्या मोठेपणाला भुलतात!

आता मूळ प्रश्न : हा उपद्रवी का? तो थोडी पाने खातो, मादी कोवळ्या फांदीत अंडी घालते, हे खरे. पण तो मावा आणि बारीकसारीक किडेही फस्त करतो. चार पानांसाठी विषाचा फवारा मारला, तर माव्याला खाणारे इतर मित्रकीटकही त्यात जातील.

तेव्हा फटाके शांत झाले, की एखाद्या रात्री मुलांना घेऊन परसात जा. आवाजाच्या रोखाने हळूच चाला. जवळ जाताच तो गप्प बसेल, तर तुम्हीही क्षणभर गप्प उभे राहा. पुन्हा सूर लागला की विजेरी लावा आणि मिशांपासून ओळख सुरू करा. भोक पडलेले पान दिसलेच, तर ते तोडू नका. कदाचित तो एखाद्या बारक्या आवाजाच्या गवयाचा लाउडस्पीकर असेल.