माळढोक कोणी मारला?



गेल्या महिन्यात कामानिमित्त ठाण्याला गेलो होतो. मुक्काम बहिणीकडे, वागळे इस्टेटमध्ये. भाची आठवीत आहे. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होते आणि तिने विषय घेतला होता 'आपले संकटग्रस्त पक्षी'. पुठ्ठ्यावर हिरवा कागद चिकटवून माळ केलेला, त्यावर कापसाचा माळढोक उभा. शेजारी तक्ता : माळढोक कमी होण्याची कारणे. एक, शेतीचे अतिक्रमण. दोन, कीटकनाशके. तीन, गुरांची चराई. चार, शिकार.

चारपैकी तीन कलमांत आरोपी तुम्ही आणि आम्ही. पोरीचा दोष नाही. जे वाचायला मिळाले ते तिने सुवाच्य अक्षरात उतरवले. ती मला म्हणाली, "मामा, तुम्ही शेतकऱ्यांचंच काम करता ना? मग त्यांना सांगत का नाही?" मी शेतकीचा पदवीधर, पण त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आधी आपल्या पदरातले कबूल करू. माळढोक नाकतोडे, टोळ, भुंगेरे खातो आणि आपण फवारून ते संपवले. पण फवारा म्हणून सांगणारे कोण? माझ्यासारखेच पदवीधर आणि औषधाचे दुकानदार. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. जे विष पाखराला, तेच फवारणाऱ्याला. तक्त्यावर मात्र त्याचे नाव मारणाऱ्यांत आहे, मरणाऱ्यांत नाही.

आता 'अतिक्रमण' पाहू. माळढोकाला दाट जंगल लागत नाही. त्याला उघडा माळ, गवत, पडीक रान आणि अधूनमधून ज्वारी, हरभरा, तूर लागते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे हा पक्षी कोरडवाहू शेतकऱ्याचा शेजारीच. सोलापूरच्या नान्नजला, वरोरा-भद्रावतीच्या रानात तो आपल्या बांधाला बांध लावून राहिला. त्याचे भाडे कोणी दिले नाही, आपण मागितलेही नाही.

मग ज्वारीचे रान गेले कुठे? एके काळी आपल्या ज्वारीवर सरकारने लेव्ही लावली आणि पडेल भावाने ती उचलली. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला, ज्वारीचे गिऱ्हाईक गेले. 2024-25 साली हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये जाहीर झाला. तुमच्या बाजार समितीत त्या भावाने किती पोती गेली, ते बैठकीत हात वर करून सांगा. ज्याला पाणी मिळाले तो उसाकडे, द्राक्षाकडे गेला. तोट्याचे पीक सोडणे याला अतिक्रमण म्हणत नाहीत. कारखाना तोट्यात गेला की मालक तो बंद करतो, तेव्हा त्याला कोणी अतिक्रमण करणारा म्हणत नाही.

सरकारने काय केले? 1979 साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे 8496 चौरस किलोमीटर! खरा माळ त्यातला थोडा, बाकी गावे आणि खाजगी शेते. ज्यांच्या सातबाऱ्यावरून ही रेघ गेली त्यांच्या डोक्यावर जमिनीच्या व्यवहाराची आणि कामांची बंधने आली. भरपाईचे नाव नाही. तीस वर्षांहून अधिक काळ हे चालले. पुढे क्षेत्र सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आणले. एवढ्या खटाटोपात पक्षी वाढला का? मी कॉलेजात असताना नान्नजच्या माळावर तो चालताना पाहिला होता. आज तिथे तो दिसणे ही बातमी होते. शेतकऱ्याला शत्रू ठरवून चालवलेले रक्षण ना शेतकऱ्याच्या कामी आले, ना पाखराच्या.

आणि तक्त्यावर नसलेले पाचवे कारण, विजेच्या तारा. देशातले बहुतेक माळढोक आता राजस्थानात, जैसलमेरकडे उरले आहेत. या पाखराला समोरचे नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे ते तारांवर आदळून मरते. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितले. खर्च फार, अडचणी फार, अशी ओरड झाली आणि 2024 साली तो आदेश सैल झाला. वीज कंपनीच्या अडचणी न्यायालयापर्यंत पोचतात. नान्नजच्या शेतकऱ्याची अडचण तलाठ्याच्या टेबलापुढे सरकत नाही.

वागळे इस्टेटमध्येच 1962 साली औद्योगिक विकास महामंडळाचे काम सुरू झाले. आता त्यातल्या कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. त्या जमिनीवरही कधी काळी पाखरे असतील. त्यांचा तक्ता कोणत्या शाळेत लागला आहे? इंडियाने आपली पाखरे उडवून लावली आणि आता भारताने आपली फुकटात सांभाळावी, असा हा हिशेब आहे.

आपली मागणी साधी आहे. माळढोक जगलाच पाहिजे. पण ज्या रानात तो राहतो त्या रानाच्या ज्वारीला परवडेल असा भाव द्या. गवतासाठी जमीन पडीक ठेवायची असेल तर एकरी मोबदला दरवर्षी, वेळेवर द्या. गावाला विचारल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नका. पाखराचे अंडे शेतात सापडले तर ते दडवावेसे वाटू नये, अभिमानाने दाखवावेसे वाटावे. तो दिवस आला की पहारेकरी नेमायची गरज उरणार नाही.

भाचीला मी हे सगळे सांगितले. तिने तक्ता फाडला नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली : 'पाच, ज्वारीला भाव नाही.' परीक्षकांनी त्यावर खूण करून प्रश्नचिन्ह काढले म्हणे. काढू द्या. प्रश्न पडला, एवढे पुरे आहे.

येत्या बैठकीला येताना आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या : कोणती पाखरे होती, कोणत्या पिकात होती, ते पीक कधी आणि का गेले. आपला तक्ता आपणच लिहू.