नर्सबाईंच्या पुढच्या शिक्षणाचे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की उपकेंद्राच्या नर्सबाईंना दिवस पुरत नाही. गावातली बाळे आणि गरोदर बाया असतातच. त्यात फडाशेजारच्या एखाद्या कोपीत दीड महिन्याचे लेकरू सापडते, दुसरीकडे सातवा महिना लागलेली बाई मोळ्या बांधत असते. लसीकरणाचे कार्ड गावाकडेच राहिलेले असते. मग आईला विचारून मागच्या डोसांचा हिशेब लावायचा, लेकराच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का ते पाहायचे, राहिलेली लस टोचायची. गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते, म्हणून खांद्यावरची पेटी घेऊन पुढच्या टोळीकडे निघायचे. आईचे हिमोग्लोबिन कमी दिसले, पायाला सूज दिसली, तर तिला आज दवाखान्यात धाडायचे की आठवडाभर गोळ्यांवर थांबायचे, याचा निर्णयही तिथेच, बांधावर उभे राहून घ्यायचा. डॉक्टर फोनवर मिळाले तर मिळाले.

एवढा भार पेलणाऱ्या या बाईचा हुद्दा आहे सहाय्यक परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी, आणि मग सपाटीवर 5,000 लोकसंख्येला एक या निकषाने मिळालेले उपकेंद्र. तिच्या शिक्षणाची काळजी व्यवस्थेने जी काही घेतली, ती बहुतेक इथेच संपते. पुढची तीस-पस्तीस वर्षे तिच्याकडे येतात ती रजिस्टरे, उद्दिष्टे, ॲप आणि आढावा बैठकांचे निरोप. प्रशिक्षणे होतच नाहीत असे नाही. कुशल प्रसूती सहाय्यकाचे (एसबीए) 21 दिवसांचे प्रशिक्षण चांगलेच आहे, नवी लस आली की एक दिवसाची बैठकही होते. पण ही प्रशिक्षणे योजनेच्या गरजेनुसार आखलेली असतात. दहा वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईने पुढे काय शिकावे आणि कुठवर जावे, हा विचार त्यांत नसतो.

पदोन्नतीचे गणित तर सरळच आहे. सहा उपकेंद्रांमागे आरोग्य सहायिकेचे पद एक. सहाजणींत एकीला वाट मिळणार, बाकीच्या जिथे रुजू झाल्या त्याच हुद्द्यावर निवृत्त होणार. दुसरी वाट जीएनएमची, म्हणजे परिचर्या व प्रसविका पदविकेची. नोंदणीकृत एएनएमला त्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो, नियमात ती सोय आहे. पण घरात दोन मुले, सासू-सासरे आणि सोसायटीचे कर्ज असलेल्या बाईने तीन वर्षे पगाराविना कसे शिकायचे? पगारी रजा आणि मागे बदली कर्मचारी दिल्याशिवाय ही सोय कागदावरच राहणार.

कंत्राटी भगिनींची अवस्था याहून बिकट आहे. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून कित्येक उपकेंद्रे त्यांच्याच जिवावर चालली आहेत. मुदतीचा आदेश, मध्ये खंड, पुन्हा आदेश, यात उमेदीची वर्षे निघून गेली. 2023च्या अखेरच्या महिन्यांत राज्यभर संप झाला. मार्च 2024 मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. ही दिरंगाई अन्यायाची आहे. आपली नोकरी पुढच्या वर्षी राहील का, याच विवंचनेत असलेल्या बाईला कौशल्य वाढवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि हे सारे आपल्या शेजारी जामखेड असताना. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, मुक्काम करायच्या, गावातली अवघड केस सगळ्यांपुढे मांडायच्या आणि एकमेकींकडून शिकायच्या. हा शिरस्ता वर्षानुवर्षे चालला. जुनी कार्यकर्ती नवीला तयार करायची. त्यांच्या प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. पाणी, आहार, शेती यांची कामेही त्यामागे होतीच. पण त्या बायकांचे शिकणे कधी थांबू दिले नाही, हे मोठे कारण मानावेच लागेल. निरक्षर बाईच्या बाबतीत जे जमले, ते नोंदणीकृत परिचारिकेच्या बाबतीत जमू नये?

त्यासाठी अहिल्यानगर जिल्हा परिषदेने दरवर्षी काही एएनएम पूर्ण पगारावर जीएनएमला पाठवाव्यात. नव्याने रुजू झालेल्या मुलीला पहिले सहा महिने एकटे सोडू नये. निवृत्त सिस्टरना मानधन देऊन तिच्या सोबतीला द्यावे, त्यांच्या हाताला असलेले ज्ञान असे वाया घालवू नये. मुक्कामाच्या उपकेंद्रात दार लागेल, पाणी येईल आणि रात्री दिवा राहील अशी खोली हवी. पन्नाशी उलटल्यावर गुडघे दुखणाऱ्या बाईला वाड्या-वस्त्यांच्या फेऱ्यांऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवण्याचे काम मिळावे.

राशीन, मिरजगाव, कुळधरण किंवा तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. आपल्या उपकेंद्रात पद किती, भरलेले किती, कंत्राटी किती, हे विचारावे आणि नर्सबाईंच्या पगारी शिक्षणाचा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा.