५९ दिवस आणि १० वर्षे

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील 'जुनो' शोधकाने २६ ऑगस्ट २०२५ रोजी मोजणी सुरू केली. अवघ्या ५९ दिवसांच्या नोंदींवर त्याने न्यूट्रिनो-दोलनाच्या दोन राशींची अचूकता आधीच्या सर्व प्रयोगांच्या तुलनेत सुमारे १.६ पटींनी वाढवली. 'चीनने बाजी मारली, आता भारताला आयएनओ कशाला?' हा प्रश्न यावरून विचारणे सोयीचे आहे. मात्र तो भौतिकीच्या कसोटीवर टिकत नाही.

जुनो सुमारे ५३ किलोमीटरवरील अणुभट्ट्यांतून येणारे इलेक्ट्रॉन-प्रतिन्यूट्रिनो २०,००० टन द्रव प्रस्फुरकात टिपतो. वाटेत कोणत्या ऊर्जेचे किती कण 'हरवले', म्हणजे रूप पालटून बसले, यावरून मिश्रणकोन व वस्तुमानांच्या वर्गांतील फरक काढला जातो. पद्धत देखणी आहे. परंतु तिसरा मिश्रणकोन, थीटा-दोन-तीन, तिला दिसतच नाही. आयएनओचा ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा शोधक पृथ्वीच्या पोटातून येणारे वातावरणीय न्यूट्रिनो पाहणार होता, धन व ऋण म्युऑन वेगळे ओळखणार होता. दोन्ही प्रयोग एकमेकांना पूरक आहेत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. थेनीचा डोंगर अजून तसाच आहे. याचे खापर 'अडाणी गावकऱ्यांवर' फोडणे हा उद्धटपणा होय. शोधकातून किरणोत्सार होत नाही, हे खरे. पण सुरुंगांचे, पाण्याचे, पश्चिम घाटातील अरण्याचे प्रश्न खरे होते आणि त्यांना 'गैरसमज' याच खात्यात टाकले गेले.

ज्या देशाच्या कोलार खाणीत १९६५ साली वातावरणीय न्यूट्रिनोंची पहिल्यांदा नोंद झाली, त्याने खाणीतली ती परंपरा विझू दिली. चीनने उलट केले: दाया बे येथे ५५ दिवसांच्या नोंदींवर २०१२ साली थीटा-एक-तीन मोजला आणि त्याच अनुभवावर जुनो उभारला. भारतात अशी पायरी आहेच. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'इस्मरान' हा सुमारे एक टनाचा प्रस्फुरक-शोधक आहे. त्यासाठी डोंगर पोखरावा लागला नाही. कुडनकुलमच्या १,००० मेगावॅटच्या भट्ट्यांशेजारी त्याचे मोठे भावंड का उभे राहू नये, याचे उत्तर अणुऊर्जा विभागाने द्यावे.